घरामागचा वाळूचा डोंगर खरा होता का?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला आहे का ते तुम्हालाही पाहता येईल. वडील सैन्यात होते. १९८५ ते १९८८ तुमचं बिऱ्हाड जैसलमेरला, शहराच्या बाहेर होतं. तुम्ही तेव्हा चार ते सात वर्षांचे. तुम्हाला तीन गोष्टी लख्ख आठवतात. घरामागं वाळूचा डोंगर होता आणि त्यावरून तुम्ही गडगडत खाली यायचात. एका सकाळी तो डोंगर चालत दाराशी आला आणि दार उघडेना. आणि जवळच एक मोठं तळं होतं, त्यात लांब मानेचे करडे पक्षी उतरायचे. गेल्या डिसेंबरात मुलीला ते सगळं दाखवायला म्हणून गेलात, तर दगडगोट्यांचं सपाट माळरान, पवनचक्क्या, आणि तळ्याच्या जागी हरभरा. ताई म्हणाली, "डोंगर नव्हताच कधी, टीव्हीवर पाहिलं असशील." आता तुम्ही विचारताय की वाळवंट बदललं, की आपली आठवण खोटी आहे?

मी वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास करते. थरच्या वाळवंटात सत्तावीस वर्षं काम केलं. आठवण हा माझा मूळ विषय नव्हे, पण तो मला शिकावाच लागला. कोणती टेकडी कधी सरकली, कुठली विहीर कधी बुजली, हे सांगणारे कागद त्या भागात फार कमी आहेत, आणि म्हातारी माणसं पुष्कळ. त्यांच्या सांगण्यातलं काय धरायचं आणि काय बाजूला ठेवायचं, हे ठरवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. म्हणून मी तुमची आठवण अख्खी खरी किंवा अख्खी खोटी अशी तोलणार नाही. तिचे तुकडे करून एकेक तुकडा जमिनीला विचारणार आहे.

आधी डोंगर. थर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वाळूचा समुद्र येतो, पण जैसलमेर शहर वाळूवर वसलेलं नाही, दगडावर वसलेलं आहे. सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी तिथं उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेला पिवळा चुनखडक म्हणजे आजची ती जमीन, आणि किल्ला उभा आहे तोही त्याच दगडाचा. गावाभोवतीच्या अशा खडकाळ, गोटाळ माळाला तिथले लोक मगरा म्हणतात. वाळूच्या टेकडीला म्हणतात धोरा. पर्यटकांना धोरे पाहायला पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर सम नावाच्या गावाला नेतात, ते शहराजवळ तसे धोरे नाहीत म्हणूनच. तुम्ही डिसेंबरात पाहिलंत ते वाळवंटाचं बिघडलेलं रूप नव्हतं. तो मगरा तुमच्या लहानपणीही तसाच होता.

मोठा धोरा तीन-चार दशकांत नाहीसा होतो का? आपोआप, जवळजवळ कधीच नाही. थरमधले बहुतेक मोठे धोरे फार जुने आहेत. त्यांच्या अंगावर फोग, सेवण गवत, आक म्हणजे आपली रुई, अशी झाडंझुडपं धरलेली असतात आणि ते जागचे हलत नाहीत. हलतात ते छोटे, उघडे, चंद्रकोरीसारखे धोरे. त्यांचा नियम साधा आहे. टेकडी जितकी बुटकी तितकी तिची चाल जास्त, कारण पुढं सरकायला कमी वाळू हलवावी लागते. मोठा धोरा माणसाच्या हातून मात्र जातो. इंदिरा गांधी कालव्याचं काम १९५८ मध्ये सुरू झालं. सतलज आणि बियास जिथं मिळतात त्या हरिकेपासून निघालेलं ते पाणी १९८७ च्या सुरुवातीला जैसलमेर जिल्ह्यात मोहनगढपर्यंत पोहोचलं. त्या पट्ट्यात शेतकऱ्यांनी धोरे सपाट करून शेतं केली, आणि तिथला पन्नाशीचा माणूस "इथं डोंगर होता" म्हणाला तर मी मान डोलावते. म्हणून माझं उत्तर तुमचं घर नेमकं कुठं होतं यावर अवलंबून आहे. मोहनगढच्या बाजूला असेल, तर पुढचं पुष्कळसं रद्द समजा. शहराजवळ होतं असं तुम्ही लिहिलंय, ते धरून पुढं जाते.

शहराजवळ खरा धोरा नव्हता. पण वाळूचा ढीग असू शकतो, आणि मला वाटतं तो होता.

याचं कारण मगराच आहे. टणक गोटाळ जमिनीवर वाळू टिकत नाही. वारा तिला वरच्या वर पुढं ढकलत नेतो, आणि तीही उंचावरून उडत नाही, बहुतेक कण गुडघ्याच्या खालूनच उड्या मारत जातात. मऊ वाळूपेक्षा अशा कडक जमिनीवर त्या उड्या लांब पडतात. मग मध्येच एखादी भिंत आली, कुंपण आलं, नुसता विटांचा ढिगारा जरी आला तरी वाऱ्याचा वेग पडतो आणि वाळू तिथं बसते. आधी भिंतीपासून थोडं अंतर सोडून, मग भरत भरत भिंतीला टेकते. आजूबाजूला दोन-दोन किलोमीटर दगड आणि मध्येच एका भिंतीशी पुरुषभर उंच वाळू, असं दृश्य मी कितीदा पाहिलं आहे. आवाराची भिंत वाचवायची तर ती वाळू दरवर्षी काढावी लागते. काढली की मागं काही खूण उरत नाही.

आता त्या ढिगाकडं चार-पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून पाहा. त्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम एक मीटरवर असतात. सपाट माळावर त्या उंचीवरून क्षितिज साडेतीन किलोमीटरवर दिसतं, मोठ्या माणसाला साडेचार. मधे झाड नाही, घर नाही, मोजायला काही नाही. आणि कोरड्या वाळूची एक खासियत आहे. ती घसरून जिथं स्थिरावते तो उतार साधारण ३२ ते ३४ अंशांचा असतो, मग ढीग दोन मीटरचा असो नाहीतर समचा मोठा धोरा असो. त्या उतारावर दोन पावलं चढलं की एक पाऊल मागं येतं. तुमच्या पायांनी जे अनुभवलं ते खऱ्या धोऱ्याचंच होतं: तोच चढ, तीच घसरण, तोच तळव्यांना लागणारा चटका. उंची पायांना कळत नाही. ती आठवणीनं नंतर भरली.

कुठून भरली, याचा एक अंदाज आहे. जैसलमेरला बदली झालेलं कुटुंब एकदा तरी समला गेलेलं असतं. घरच्या अल्बममध्ये तिथला फोटो आहे का, तो पाहा. आई गॉगल लावून, वडील उंटाशेजारी, तुम्ही वाळूत बसलेले, असा एखादा. लहानपणीच्या आठवणीत जागा एकमेकींत फार सहज मिसळतात. रोजचा ढीग आणि एकदाच पाहिलेला डोंगर यांची वाळू एकच, खेळ एकच, माणसंही तीच. मग डोंगर घरामागं येऊन उभा राहतो. फोटोचा जोर किती असतो, याचा एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस प्रौढ माणसांना त्यांचे लहानपणीचे फोटो दाखवले, त्यांत एक बनावट होता. गरम हवेच्या फुग्यात बसलेले ते स्वतः. अशी सफर त्यांच्यापैकी कुणीच केली नव्हती. दोन-तीन भेटींनंतर निम्म्या लोकांना त्या सफरीचं काही ना काही आठवायला लागलं होतं. ती माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांना खरोखर आठवत होतं.

दार न उघडण्याची सकाळ. डोंगर एका रात्रीत चालत आला हे होत नाही. सगळ्यात चपळ धोराही वर्षाकाठी काही मीटर, फार तर काही डझन मीटर सरकतो. पण एका रात्रीच्या आंधीनं उंबऱ्याशी वीतभर वाळू साचणं आणि बाहेर उघडणारं दार त्यात अडकणं, हे उन्हाळ्यात तिथं सहज घडतं. मला वाटतं इथं दोन वेगळे काळ एकत्र आले आहेत. ढीग काही महिने हळूहळू वाढत होता. एका सकाळी दार अडकलं. मुलाच्या मनाला महिने मोजता येत नाहीत, सकाळ मोजता येते, म्हणून सगळं त्या एका सकाळीत जाऊन बसलं. दार अडकलं हे मी खरं धरते. डोंगर "आला" ही क्रिया नंतरची.

इथं तुमच्या प्रश्नात न आलेली एक गोष्ट सांगते. तुम्ही डिसेंबरात गेलात. महाराष्ट्रातून बहुतेक सगळे डिसेंबर-जानेवारीतच जातात, हवा बरी असते म्हणून. पण थरमधली वाळू हलते ती एप्रिल ते जुलै, नैऋत्येच्या वाऱ्यानं. हिवाळ्यात वारा मंद असतो, आभाळ निळं असतं, वाळू गप्प पडून असते. तुमची आठवण बहुधा जूनची आहे आणि भेट डिसेंबरची. शिवाय वर्ष कोणतं, हेही पाहावं लागतं. १९८७ चा पाऊस पश्चिम राजस्थानात जवळजवळ बुडाला होता. दुष्काळात गवत जातं, भुकेली गुरं उरलंसुरलं खुरटं खातात, जमीन मोकळी पडते आणि वाळू सुटते. तुमचा मुक्काम त्या दुष्काळातून गेला. त्या काळात वाळू खरोखरच जास्त असणार. म्हणजे तुमच्या बाजूनंही पुरावा आहे.

तळ्याबद्दल तुम्ही लिहिलंय, "हे तर नक्कीच माझ्या मनाचे खेळ." मला उलट वाटतं. तुमच्या तिन्ही आठवणींत तळं सगळ्यात भक्कम आहे, आणि त्याचा पुरावा तुम्ही स्वतः पाहून आलात. तो हरभरा.

जैसलमेर भागात खडीन नावाची शेतीची जुनी रीत आहे. पालीवाल ब्राह्मणांनी ती काही शतकांपूर्वी तिथं रुजवली. खडकाळ उतारावरून पावसाचं पाणी वाहत येतं, खाली मातीचा लांब बांध घालून ते अडवतात. वर्षाला २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस नाही, पण खडक पाणी पीत नाही, त्यामुळे मोठ्या पसाऱ्यावरचा पाऊस एका खोलगट शेतात गोळा होतो. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथं चक्क तळं उभं राहतं. पाणी मुरतं, उरलेलं बाहेर सोडतात, आणि त्या ओलीवर थंडीत गहू नाहीतर हरभरा घेतात, वरून एक थेंबही न देता. एकच जागा पावसाळ्याच्या शेवटी तळं आणि डिसेंबरात शेत. करडे लांब मानेचे पक्षी म्हणजे बहुधा करकोचे. तिथले लोक त्यांना कुरजां म्हणतात. ते मध्य आशियातून थंडीसाठी येतात, आणि सप्टेंबरात येऊ लागतात तेव्हा खडिनात पाणी असू शकतं. चार-सहा वर्षांच्या पुण्या-सांगलीकडच्या मुलानं हे मनानं जुळवणं अवघड आहे, कारण वाळवंटातलं तळं आणि करकोचे यांचं चित्र टीव्हीवर किंवा कॅलेंडरवर सहसा नसायचं. हा माझा कामातला आडाखा आहे. जी आठवण सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच्या चित्राशी जुळते तिच्याबद्दल मी आधी शंका घेते. जी त्या चित्रात बसत नाही, अडचण करते, ती जपून ठेवते. फक्त १९८७ चं तळं सांगाल तर मानणार नाही. त्याआधीच्या एखाद्या बऱ्या पावसाचं असेल.

आता आठवणीकडं, कारण तुमची खरी वेदना तिथं आहे असं तुमच्या शेवटच्या दोन ओळींवरून वाटलं.

थरमध्ये छपनिया अकाल सगळ्यांच्या तोंडी असतो. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा दुष्काळ. मी नव्वदच्या दशकात गावोगाव फिरत होते तेव्हा तो पाहिलेलं कुणी उरलेलं असणं जवळजवळ अशक्य होतं. तरीही एका ऐंशीच्या घरातल्या आजोबांनी मला त्या वर्षी खेजडीची साल कुटून भाकरी कशी केली, ती घशात कशी अडकायची, हे असं सांगितलं की जणू त्यांच्याच घशात अडकली होती. खेजडी म्हणजे आपली शमी. ते वापरत होते तो शब्द "आम्ही". त्यांच्या जन्माआधीची गोष्ट त्यांच्या शरीरात उतरली होती. महाराष्ट्रातही हे आहे. बहात्तरच्या दुष्काळात दीड वर्षाचे असलेले लोक मला मिलो ज्वारीच्या लाल भाकरीची आणि सुकडीची चव सांगतात. इतक्या लहानपणचं सहसा टिकत नाही, बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. चव घरातल्या बोलण्यातून आलेली असते. त्या आजोबांकडून मला खेजडीच्या सालीबद्दल जे कळलं ते खरंच होतं. फक्त ते पाहणारे डोळे दुसऱ्याचे होते.

वाळूचं वय काढण्याची आमची एक पद्धत आहे, ती सांगितल्याशिवाय मला पुढचं सांगता येणार नाही. गारगोटीचा कण अंधारात गाडला गेला की भोवतीच्या मातीतल्या किरणोत्सर्गामुळे त्याच्या स्फटिकात हळूहळू ऊर्जा साठत जाते. ती मोजली की तो कण शेवटचा कधी उजेडात होता ते कळतं. म्हणून आम्ही धोऱ्यात पोलादी नळी ठोकतो, तिची तोंडं काळ्या कापडानं बंद करतो आणि प्रयोगशाळेत मंद लाल दिव्याखालीच उघडतो. कारण ऊन लागलं की साठलेलं सगळं थोड्याच वेळात पुसलं जातं आणि कणाचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. थरच्या काही धोऱ्यांचा आतला गाभा दहा-पंधरा हजार वर्षांपूर्वीचा निघतो, आणि वरचा मीटर-दोन मीटर थर अगदी अलीकडचा. वाळू तीच, पण वरच्या थराला पुन्हा पुन्हा ऊन लागलेलं.

आठवणीचं काहीसं असंच होतं. २००० मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पक्की बसलेली भीतीची आठवण पुन्हा जागी केली, तर ती काही काळ कच्ची होते आणि तिला नव्यानं साठवावं लागतं, असं त्यात दिसलं. माणसाची आठवण उंदराच्या भीतीपेक्षा फार गुंतागुंतीची आहे, त्यामुळे हे जसंच्या तसं लावता येत नाही. पण जी आठवण आपण सर्वांत जास्त वेळा उजेडात आणतो, मुलांना सांगतो, सणावारी काढतो, ती सर्वांत जास्त वेळा नव्यानं रचली जाते, एवढं माझ्या कामात मला वारंवार दिसलं. माझ्या स्वतःच्या बाबतीतही. एका धोऱ्याच्या माथ्यावर एकटी खेजडी होती असं मी विद्यार्थ्यांना अनेक वर्षं सांगत आले. १९९४ ची वही उघडली तर त्या माथ्यावर फक्त फोग. खेजडी दुसऱ्याच धोऱ्यावर, साठ किलोमीटर लांब. तेव्हापासून मी जागेवरच लिहिते, संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

डोंगर तुम्ही किती जणांना सांगितलात? मुलीला तर नक्कीच, म्हणून तर तिला घेऊन गेलात. आणि तळं? ते बहुधा कधीच कुणाला सांगितलं नसेल.

ताईचं म्हणणंही तपासायला हवं. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची, म्हणून तिचं जास्त खरं, असं मी मानत नाही. तिला शाळा होती, दुपारी ती घरी नसायची. शिवाय तिनं "डोंगर नव्हता" म्हटलंय आणि डोंगर नव्हताच. तिला "डोंगर" हा शब्द टाळून विचारा. मी गावात कधीच "टेकडी किती उंच होती" असं विचारत नाही. बकऱ्या दुपारी कुठल्या सावलीला बसायच्या, पाणी आणताना ऊन कुठल्या गालावर यायचं, असं विचारते. ताईला विचारा, मागच्या अंगणात कपडे वाळत घातले की वाळू कुठून यायची, भिंतीशी फावडं घेऊन कोण यायचं. पण त्याआधी तुमचं तुम्ही कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर तिची उत्तरं तुमच्या आठवणीत मिसळतील आणि पुन्हा वेगळी काढता येणार नाहीत. लिहिताना एक खूण करा: कुठल्या प्रसंगात तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहताय आणि कुठल्या प्रसंगात स्वतःलाच बाहेरून, फोटोतल्यासारखं पाहताय. बाहेरून दिसणारा प्रसंग खोटाच असतो असं नाही, पण तो पुष्कळ वेळा रचला गेलेला असतो.

उपग्रहाची जुनी चित्रं पाहता येतील का, असंही तुम्ही विचारलंत. येतील. लँडसॅट-५ हा उपग्रह १९८४ मध्ये सुटला, त्याची त्या वर्षांतली चित्रं फुकट मिळतात. पण त्यात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ३० मीटर. खरा मोठा धोरा असता तर दिसेल, भिंतीजवळचा ढीग दिसणार नाही. डोंगर नव्हता याची खात्री त्यातून करून घ्या. ढिगाचा निकाल त्यातून लागणार नाही. खडीन मात्र दिसण्याची शक्यता बरी आहे, ऑक्टोबरचं ढग नसलेलं चित्र शोधा. पाणी असेल तर ते जवळजवळ काळं दिसेल, आणि एक बाजू रेघेसारखी सरळ असेल. ती सरळ बाजू म्हणजे बांध.

मला एकच गोष्ट अजून हवी आहे. तुमच्या घराची मागची भिंत कुठल्या दिशेला होती? ताईला, नाहीतर आईला विचारा: संध्याकाळचं ऊन मागच्या बाजूनं घरात यायचं का? येत असेल, तर ती भिंत पश्चिमेला, उन्हाळ्याच्या वाऱ्याच्या तोंडावर होती, आणि त्या ढिगाबद्दल मी तुमच्या बाजूनं उभी राहीन.